एक मॅच, शून्य बॉल : वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

मागच्या अंकात क्रीडा पानावर एक छोटी चौकट होती, अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमधल्या लॅरी याउंट नावाच्या पिचरची, ज्याच्या नावापुढे रेकॉर्डमध्ये मॅच एक आहे आणि टाकलेला बॉल एकही नाही. जागा उरली म्हणून टाकली होती खरं तर, पण त्यावर इतके प्रश्न आले की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच द्यावा लागला. बेसबॉल अजिबात माहीत नसेल तर सध्या एवढं पुरे, पिचर म्हणजे बोलर समजा, मॅच नऊ इनिंगची, एका टीमचे तीन आउट झाले की दुसरी टीम बॅटिंगला येते. बाकीचं ओघात येईल.

प्रश्न : एकही बॉल न टाकता माणूस मॅच खेळला असं कसं म्हणता? छापताना काही गडबड झाली का?

नाही हो, बरोबर छापलंय. तारीख १५ सप्टेंबर १९७१, ठिकाण ह्यूस्टनचं अ‍ॅस्ट्रोडोम. लॅरी याउंट तेव्हा २१ वर्षांचा, ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजकडे, आणि मेजर लीगमध्ये त्याआधी एकदाही उतरलेला नाही. अटलांटा ब्रेव्ह्जविरुद्ध नवव्या इनिंगला त्याला बोलावणं आलं. बुलपेनमध्ये, म्हणजे मैदानाच्या कडेला पिचर लोक हात गरम करतात त्या जागी, वॉर्मअप करतानाच त्याचं कोपर दुखायला लागलं होतं, पण पहिलीच मॅच, कोण सांगेल की मला दुखतंय म्हणून? स्पीकरवर नाव पुकारलं गेलं, तो माउंडवर, म्हणजे पिचर जिथून बॉल टाकतो त्या उंचवट्यावर, पोचला, तिथे प्रॅक्टिसचे एकदोन बॉल टाकून बघितले आणि दुखणं काही थांबेना. शेवटी तो तसाच परत गेला आणि त्याच्या जागी दुसरा पिचर आला.

तेव्हाचा, म्हणजे २०२० च्या आधीचा, नियम असा होता की नव्या पिचरचं नाव जाहीर होऊन तो माउंडवर आला की तो मॅचमध्ये आला, मग त्याने कमीत कमी एका बॅटरला तरी बॉल टाकलाच पाहिजे, सूट फक्त दुखापत किंवा आजारपणाला. त्यामुळे याउंटची मॅच मोजली गेली, बॉल शून्य राहिले, आणि त्यानंतर मेजर लीगमध्ये तो पुन्हा कधीच दिसला नाही. तो दिवस म्हणजेच त्याचं सगळं करिअर.

याच्यापुढची गोष्ट चौकटीत मावली नव्हती. लॅरीचा धाकटा भाऊ रॉबिन याउंट १९७४ मध्ये वयाच्या १८ व्या वर्षी मिलवॉकी ब्रूअर्सकडून मेजर लीगमध्ये आला, २० सीझन खेळला, ३,१४२ हिट्स मारल्या (बॉल मारून बेस, म्हणजे धावायचा थांबा, गाठला की एक हिट), दोनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि १९९९ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे दिग्गजांच्या यादीत, गेला. आणि त्याच १९७४ मध्ये लॅरीसुद्धा ट्रेड होऊन ब्रूअर्सकडेच आला होता, फक्त तो खालच्या मायनर लीगमध्ये. एकाच संस्थेत दोघं भाऊ, एक वर आणि एक खाली. लॅरीला सगळे 'बेसबॉलमधला सगळ्यात कमनशिबी माणूस' म्हणून मोकळे होतात, मला ते अर्धंच पटतं. त्या दिवशीचं दुखणं हे नशीब, मान्य, पण त्यानंतर त्याला मायनरमध्ये आणखी काही वर्षं मिळाली आणि तिथे त्याची पिचिंग काही जमली नाही, आणि हे असं तर हजारो पोरांचं होतं. पुढे अ‍ॅरिझोनात तो रिअल इस्टेटच्या धंद्यात उतरला आणि तिथे चांगलं बस्तान बसवलं.

प्रश्न : मायनर लीग म्हणजे आपल्याकडच्या बी टीमसारखं का? तिथून वर यायला किती वेळ लागतो?

बी टीम नाही, उतरंड आहे. प्रत्येक मेजर लीग टीमच्या खाली चार टीम असतात, सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए, आणि सगळ्याच्या तळाशी अगदी नवख्या पोरांची रूकी लीग. मेजर लीगच्या ३० टीम, म्हणजे रूकी सोडून खाली १२० टीम झाल्या. २०२१ च्या आधी याहून जास्त होत्या, त्या वर्षी कात्री लागली. हायस्कूल किंवा कॉलेजमधून ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, निवडला गेलेला पोरगा तळापासून सुरुवात करतो आणि एकेक पायरी चढतो, साधारण चार-पाच वर्षं तर धराच, काहींची आठ-दहाही जातात, आणि निवडलेल्यांपैकी बरेचसे मेजर लीगचं मैदान खेळाडू म्हणून कधी बघतच नाहीत. शंभर-दीडशे वर्षांच्या इतिहासात मेजर लीगमध्ये निदान एकदा तरी उतरलेले लोक वीसेक हजारांहून थोडेच जास्त आहेत. म्हणून एका मॅचवाल्याला हसायच्या आधी तो कितीजणांच्या डोक्यावरून तिथे पोचलाय ते बघा.

पैशाचं म्हणाल तर बरीच वर्षं लाज वाटावी असे पगार होते. पोरं सीझन संपला की गोदामात, दुकानात मिळेल ते काम करायची, एका फ्लॅटमध्ये पाच-सहाजण हवेच्या गाद्यांवर झोपायची, आणि रात्रीची मॅच झाली की बसमध्ये बसून पुढचं गाव. २०२२ पासून राहायची सोय टीमने करायची असं ठरलं आणि २०२३ मध्ये मायनरच्या खेळाडूंचा युनियनमार्फत पहिला करार झाला, त्यात सिंगल-एला वर्षाचे २६,२०० डॉलर आणि ट्रिपल-एला ३५,८०० डॉलर किमान पगार ठरला. अमेरिकेत या पैशात चैन होत नाही, पण आधीच्या मानाने बरंच म्हणायचं.

प्रश्न : मग एखाद्याला वर बोलावून दोन दिवसांत परत पाठवतात ते का? इतक्यात त्याची परीक्षा होते का?

परीक्षा वगैरे काही नसते, बहुतेक वेळा तो गरज भागवायला आलेला असतो. मेजर लीगच्या टीममध्ये सीझनचा बराच काळ २६ जागा असतात. समजा काल मॅच लांबली, बारा-तेरा इनिंग झाल्या, बुलपेनमधले सगळे हात थकले, आज ताजा हात पाहिजे, मग ट्रिपल-एच्या मॅनेजरला फोन जातो, तो पोराला ऑफिसात बोलावतो, आधी थोडी गंमत करतो (ही गंमत करायची पद्धतच पडलीय, 'तुला इथून काढलंय' वगैरे) आणि मग सांगतो की बॅग भर, सकाळचं विमान आहे. पोरगा आईबापाला फोन लावतो, ते मिळेल त्या गाडीने नाहीतर विमानाने निघतात. तो दोन इनिंग टाकतो, कदाचित बरीच टाकतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ताजा हात पाहिजे, आणि ज्याने काल टाकलं त्याचा हात तर आज थकलेला, त्यामुळे खाली तोच जाणार. म्हणजे चांगलं टाकलं तरी परत पाठवणी आणि वाईट टाकलं तरी परत पाठवणी, यात न्याय शोधू नका.

याला ऑप्शन म्हणतात. टीमला एका खेळाडूला तीन सीझन असं वर-खाली करता येतं, दुसऱ्या टीमला विचारायची गरज नाही. एका सीझनमध्ये कितीही वेळा चालायचं, २०२२ पासून पाचदाच असा लगाम घातलाय. आणि पिचरला एकदा खाली पाठवला की साधारण १५ दिवस परत आणता येत नाही, वरचा कोणी जखमी झाला तर वेगळं. तीन सीझन संपले की मग त्याला खाली पाठवायच्या आधी बाकीच्या टीमना 'तुम्हाला पाहिजे का' असं विचारावं लागतं, आणि कोणालाच नको असेल तर ते उत्तरही पोराला कळतंच.

पण त्या दोन दिवसांचे पैसे बघा. २०२५ ला मेजर लीगचा किमान पगार ७,६०,००० डॉलर होता आणि तो दिवसावर मोजतात, म्हणजे दिवसाला ४,००० डॉलरच्या वर. नऊ दिवस वर राहिला की ट्रिपल-एच्या किमान पगारातली वर्षाची कमाई झाली. म्हणून ती पोरं वर किती दिवस झाले ते बोटावर मोजत असतात, आणि मोजायचं आणखी एक कारण आहे, ते पेन्शनच्या प्रश्नात येईल.

प्रश्न : दादा, मी नववीत आहे, आमच्या टीमचा फास्ट बोलर आहे. बेसबॉलवाल्यांचाच हात एवढा का जातो? आपले बोलर तर पळून येऊन टाकतात.

अरे, फरक तिथेच आहे. तू पळत येतोस, वेग पायातून आणि अंगातून येतो, आणि बॉल सोडताना कोपर सरळ ठेवावं लागतं, १५ अंशांपलीकडे झटका दिलास तर नियमात बसत नाही. पिचर मात्र जवळपास जागेवर उभा राहून टाकतो, त्याचं कोपर वाकलेलं असतं आणि तिथून तो हात चाबकासारखा फिरवतो. खांद्यातून दंड फिरायचा वेग सेकंदाला ७,००० अंशांच्या आसपास मोजलाय. बॉल तुझ्या बॉलपेक्षा थोडा हलका, १४२ ते १४९ ग्रॅम, अंतर ६० फूट ६ इंच. त्या झटक्याचा सगळा ताण कोपराच्या आतल्या बाजूच्या एका छोट्या लिगामेंटवर येतो, आणि ते काही एवढा भार रोज झेलायला बनलेलं नाही.

पूर्वी ते तुटलं की करिअर संपलं, 'हात मेला' म्हणायचे आणि घरी पाठवायचे. १९७४ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सच्या टॉमी जॉनचं असंच झालं, तेव्हा डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हातातला एक टेंडन काढून डाव्या कोपरात बसवला. असं आधी कोणत्याच पिचरवर केलेलं नव्हतं, यश मिळायची शक्यता शंभरात एक असं सांगितलं होतं. तो १९७६ ला परत आला आणि १९८९ पर्यंत खेळला, एकूण २८८ विजय, त्यातले १६४ ऑपरेशननंतरचे. आता त्या ऑपरेशनलाच त्याचं नाव आहे. पण परत यायला वर्ष-दीड वर्ष जातं आणि सगळेच येतात असं नाही. आणि खांदा गेला तर ते कोपरापेक्षा वाईट.

खांद्याचं उदाहरण कार्ल स्पूनर. सप्टेंबर १९५४, ब्रूकलिन डॉजर्सचा हा डावखुरा पोरगा पहिल्याच मॅचमध्ये जायंट्सविरुद्ध १५ स्ट्राइकआउट काढतो (तीन स्ट्राइक, म्हणजे हुकलेले किंवा सोडून दिलेले नीट बॉल, झाले की बॅटर आउट), रन एकही देत नाही. चार दिवसांनी दुसरी मॅच, १२ स्ट्राइकआउट, परत शून्य रन. दोन मॅचमध्ये २७! तिथे सीझन संपला. पुढच्या वर्षी सीझनआधीच्या कॅम्पमध्ये पुरेसं वॉर्मअप न करता जोर लावला आणि खांदा गेला. तरी तसाच ओढत १९५५ खेळला, ८ जिंकल्या ६ हरल्या, वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे सीझनच्या फायनलच्या, सहाव्या मॅचला त्याला सुरुवातीला उतरवलं आणि एकच आउट काढून पाच रन देऊन बाहेर. दुसऱ्या दिवशी डॉजर्सनी वर्ल्ड सिरीज जिंकली, ब्रूकलिनला मिळालेली एकमेव, आणि स्पूनर त्यानंतर मेजर लीगमध्ये एकही बॉल टाकू शकला नाही.

मार्क फिड्रिच मला या सगळ्यांत जास्त आवडतो म्हणून सांगतोच. डेट्रॉइट टायगर्स, १९७६, वय २१. हा माउंडवर गुडघे टेकून हाताने माती सारखी करायचा, हातातल्या बॉलशी बोलायचा (निदान बघणाऱ्यांना तसं वाटायचं), कोणी चांगली फिल्डिंग केली की जाऊन हात मिळवायचा. लोक वेडे झाले, त्याची मॅच असली की स्टेडियम फुल. १९ विजय, ९ पराभव, २९ मॅच सुरू केल्या आणि त्यातल्या २४ स्वतःच संपवल्या. आता ही २४ कुठल्याही आजच्या कोचला दाखव, तो डोक्याला हात लावेल, कारण आज अख्ख्या सीझनमध्ये एका पिचरच्या दोन-तीन झाल्या तरी बातमी होते. पुढच्या मार्चला कॅम्पमध्ये गुडघा दुखावला, त्यातून परत आला तर काही आठवड्यांत खांदा गेला. त्यानंतरच्या चार सीझनमध्ये मिळून १० विजय आणि खेळ संपला. खांद्यातला रोटेटर कफ फाटलाय हे निदान झालं १९८५ मध्ये, तोपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. २००९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्वतःच्या फार्मवर ट्रकची दुरुस्ती करताना अपघातात वारला.

तुला यातून घाबरायचं कारण नाही, पण खांदा किंवा कोपर दुखत असेल तर कोचला त्याच दिवशी सांग.

प्रश्न : चौकटीत ईआरए लिहिलं होतं. ते काय असतं आणि कोणाचं तरी 'अनंत' कसं असू शकतं?

पिचरने स्वतःच्या खात्यावर दिलेले रन, नऊ इनिंगच्या हिशेबाने. तीनच्या आत म्हणजे उत्तम, पाचच्या वर म्हणजे जागा धोक्यात. आता कोणी आला, रन दिले आणि एकही आउट न काढता परत गेला तर भागायला इनिंग शून्य, म्हणून अनंत. आणि तो पुन्हा कधी खेळलाच नाही तर रेकॉर्डमध्ये जन्मभर ते आडवं आठाचं चिन्ह. अशी बरीच मंडळी आहेत.

अनंत नाही पण जवळपास पोचलेला एक पोरगा आहे, जो नक्सहॉल. १९४४, युद्ध चालू, मोठे खेळाडू सैन्यात गेलेले, सिनसिनाटी रेड्सनी १५ वर्षांच्या शाळकरी मुलाला करारावर घेतलं. १० जूनला सेंट लुईस कार्डिनल्सविरुद्ध टीम १३ रननी मागे होती, आता काय बिघडणार म्हणून त्याला नवव्या इनिंगला उतरवलं. बोलावणं आलं तेव्हा डगआउटच्या, म्हणजे टीम बसते त्या जागेच्या, पायरीला अडखळून तो तोंडावर आपटला. दोन आउट काढले, मग समोर कार्डिनल्सचा नामांकित बॅटर स्टॅन म्यूझियल, आणि पुढे जे व्हायचं ते झालं, पाच वॉक (चार बॉल नीट पडले नाहीत की बॅटरला फुकट पहिला बेस), दोन हिट, पाच रन. मॅच १८-० ने हरले, नक्सहॉलचा ईआरए ६७.५०. पण हा इथे संपला नाही बरं का. परत शाळेत गेला, मग मायनरमध्ये, आणि १९५२ ला पुन्हा रेड्सकडून आला, कारकीर्दीत १३५ विजय मिळवले आणि नंतर कित्येक वर्षं रेड्सच्याच मॅचची रेडिओ कॉमेंट्री केली.

प्रश्न : एक-दोन महिने खेळलेल्याला पेन्शन मिळते हे खरं का?

खरं, पण कधी खेळला त्यावर आहे. १९८० पासून नियम असा की मेजर लीगच्या टीमवर ४३ दिवस झाले की पेन्शनचा हक्क, आणि एक दिवस झाला तरी वैद्यकीय विम्याच्या योजनेत जागा. मैदानात उतरलाच पाहिजे असं नाही, टीममध्ये नाव असलं की दिवस धरतात. ४२ व्या दिवशी खाली पाठवलं तर? काही नाही, परत बोलावणं यायची वाट बघायची.

१९८० च्या आधी मात्र चार वर्षं पूर्ण पाहिजे होती आणि नवा नियम करताना जुन्यांना त्यात घेतलंच नाही. डेव्हिड क्लाइड हे त्यातलं ठळक नाव. १९७३ च्या ड्राफ्टमधला पहिला खेळाडू, वय १८, टेक्सस रेंजर्स. टीमला प्रेक्षक मिळत नव्हते, मालकाने या पोराला मायनरमध्ये न पाठवता हायस्कूल संपल्यावर काही आठवड्यांत सरळ मेजर लीगच्या माउंडवर उभं केलं. २७ जूनला स्टेडियम पहिल्यांदा पूर्ण भरलं, तो जिंकलाही, पाच इनिंगमध्ये फक्त एक हिट दिली, पण सात वॉकही दिले, तिथेच कोणी शहाणा असता तर त्याला शिकायला खाली पाठवलं असतं. नाही पाठवला. गल्ला भरत होता ना. खांदा बिघडला, १९७९ ला शेवटची मॅच, एकूण १८ विजय ३३ पराभव, आणि चार वर्षांना महिनाभराहून थोडेच जास्त दिवस कमी पडले. पुढे त्याने लाकडाच्या व्यवसायात कितीतरी वर्षं काढली. २०११ मध्ये अशा जुन्या खेळाडूंसाठी दर ४३ दिवसांमागे वर्षाला ६२५ डॉलर, जास्तीत जास्त १०,००० डॉलर, असं काहीतरी ठरवलं, पण ते माणूस असेपर्यंतच, नंतर बायकोला मिळत नाही. ज्या खेळात एकेका पिचरचा करार शेकडो मिलियन डॉलरचा होतो तिथे हा हिशेब मला तरी कंजूषपणाचाच वाटतो.

प्रश्न : पस्तिशीत पहिल्यांदा खेळलेला कोणी आहे का? (स्वतःसाठी विचारत नाहीये.)

बरं, नाही समजलो तुमच्यासाठी. जिम मॉरिस. विशीत मिलवॉकीच्या मायनरमध्ये होता, हाताची ऑपरेशनं झाली, सोडून दिलं. टेक्ससमधल्या बिग लेक गावात हायस्कूलला सायन्स शिकवायचा आणि बेसबॉल कोच होता. पोरांना म्हणाला तुम्ही जिल्ह्याची स्पर्धा जिंका, पोरं म्हणाली जिंकलो तर तुम्ही ट्रायआउट, म्हणजे टीमची निवड चाचणी, द्यायची. जिंकली ना पोरं! ट्रायआउटला गेला तर बॉल ताशी ९८ मैल, तरुणपणापेक्षा जोरात. टँपा बे डेव्हिल रेजनी घेतला, १८ सप्टेंबर १९९९ ला वयाच्या ३५ व्या वर्षी पहिली मॅच, तीही टेक्ससमध्येच, आणि पहिल्याच बॅटरला, रॉइस क्लेटनला, स्ट्राइकआउट. सगळे इथेच गोष्ट थांबवतात. पुढचं असं की एकूण २१ मॅच झाल्या, १५ इनिंग, विजय शून्य पराभव शून्य, आणि मे २००० मध्ये यँकी स्टेडियमवर बेसेस भरलेले (तिन्ही बेसवर खेळाडू, म्हणजे वॉक दिला की एक रन) असताना वॉक दिला, त्या एका रनने मॅच हरली, तीच त्याची शेवटची. हात परत दुखायला लागला होता.

प्रश्न : भारतातून कोणी पिचर तिथे गेलाय का?

मेजर लीगमध्ये अजून नाही. २००८ मध्ये वेगाने बॉल फेकायच्या एका टीव्ही स्पर्धेतून उत्तर प्रदेशचे दोन भालाफेकपटू निवडले गेले, रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे, हा वेगळा) आणि दिनेश पटेल. दोघांनी त्याआधी बेसबॉल हातातही धरला नव्हता. काही महिन्यांच्या ट्रेनिंगनंतर पिट्सबर्ग पायरेट्सनी दोघांना करारावर घेतलं. दिनेशला २०१० मध्ये टीमने सोडून दिलं. रिंकू सिंगल-एपर्यंत चढला, मग कोपर गेलं, वर सांगितलं तेच टॉमी जॉन ऑपरेशन, आणि त्यानंतर तो कुस्तीकडे वळला, टीव्हीवरच्या त्या डब्ल्यूडब्ल्यूईमध्ये वीर महान नावाने दिसायचा तो हाच.